वजन लिहून घेता, तर पुढचा प्रश्नही विचारा

मा. सार्वजनिक आरोग्य व वैद्यकीय शिक्षण मंत्री,
मध्य प्रदेश शासन, भोपाळ

सादर नमस्कार.

मी इंदूरच्या एका शाळेत वरच्या वर्गांना जीवशास्त्र शिकवते. मुलांच्या खाण्याच्या आजारांबद्दलच्या या पत्राची हिंदी प्रत आपल्या कार्यालयाला पाठवली आहे. मराठीत जाहीरपणे लिहितेय, कारण इथल्या रामबाग-लोकमान्य नगरातल्या मराठी घरांनीही ते वाचावं असं वाटतं.

शाळेत आरोग्य तपासणीचं पथक येतं. वऱ्हांड्यात वजनकाटा ठेवतात, एक जण आकडा मोठ्यानं सांगतो, दुसरा लिहितो. रांगेतली पोरं ऐकतात आणि हसतात. दहावीतली एखादी मुलगी काट्यावर चढण्याआधी स्वेटर आणि बूटच काय, हातातलं घड्याळसुद्धा काढून ठेवते. वजन कमी भरलं की रक्त कमी असेल म्हणून लोहाच्या गोळ्या मिळतात. ती जेवत का नाही, हे कोणीच विचारत नाही. जास्त भरलं तर 'सराफ्यात (इथल्या रात्रीच्या खाऊबाजारात) जाणं बंद कर' असा सल्ला, तोही सगळ्यांदेखत.

घरी तरी कळावं, पण आपल्याकडे उपास आहेत ना! आधी संकष्टी, मग सोमवार, मग गुरुवार. आजीला कौतुक, की आजच्या काळात एवढं करणारी मुलगी कुठे सापडते. साबुदाण्याची खिचडीही ती चमचाभरच घेते, हे लक्षात यायला महिने जातात. तोवर पाळी थांबलेली असते, केस गळत असतात, हातपाय गार पडत असतात. मग एक डॉक्टर पोटाचे, एक त्वचेचे, एक स्त्रीरोगतज्ज्ञ. पोह्यांवर मूठभर शेव पेरणाऱ्या या गावात कोणी मुद्दाम उपाशी राहील, हे कोणाला पटतच नाही.

ॲनोरेक्सियाला, म्हणजे वजन वाढण्याच्या भीतीनं उपाशी राहण्याच्या आजाराला, लोक नखरे समजतात. प्रत्यक्षात मानसिक आजारांमध्ये सर्वाधिक मृत्युदर असलेल्यांपैकी हा एक आहे, आणि त्यातल्या साधारण पाचांतल्या एका मृत्यूचं कारण आत्महत्या असतं. भरपूर खाऊन ते उलटून टाकणाऱ्या मुलांचं वजन तर बहुधा ठीकच दिसतं; काट्याला ती सापडत नाहीत. त्यांच्या रक्तातलं पोटॅशियम घसरतं आणि हृदयाचे ठोके बिघडू शकतात. मुलगेही यात आहेत. सोबत पुष्कळदा नैराश्य असतं. कधी ते आधी येतं, कधी उपासमारीच्या मागून.

राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागानुसार 2022 मध्ये देशात 13,044 विद्यार्थ्यांनी आत्महत्या केली. त्या वर्षी राज्यांमध्ये महाराष्ट्र आणि तमिळनाडूनंतर आपला क्रमांक होता. जुलै 2025 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने शंभर किंवा अधिक विद्यार्थी असलेल्या प्रत्येक संस्थेला प्रशिक्षित समुपदेशक, मानसशास्त्रज्ञ किंवा सामाजिक कार्यकर्ता नेमायला सांगितलं. कोटा, जयपूर, सीकर अशा कोचिंग क्लासच्या शहरांची नावं घेऊन तिथे विशेष लक्ष द्या म्हटलं. त्या नावांत इंदूर नाही. इंदूरच्या कोचिंग क्लासच्या भागात, भंवरकुआंला, संध्याकाळी क्लास सुटताना उभं राहून बघा, म्हणजे ते का असायला हवं होतं हे कळेल.

मला नवी योजना नको आहे. वजन बंद खोलीत घ्या आणि आकडा ओरडू नका. तपासणीच्या कार्डावर खाण्याबद्दल आणि मनःस्थितीबद्दल चार-पाच प्रश्न घाला. पाच प्रश्नांची एक चाचणी ब्रिटनमध्ये 1999 पासून उपलब्ध आहे, ती आपल्या मुलांच्या भाषेत बसवून घ्यावी लागेल. 'जगावंसं वाटत नाही असं कधी वाटतं का?' हेही विचारा. विचारल्यानं मुलांच्या डोक्यात तसले विचार शिरतात, ही भीती निराधार आहे. उत्तर 'हो' आलं तर पुढे कोणाकडे पाठवायचं, ते मात्र आधी ठरलेलं हवं. बाणगंगेच्या मानसिक रुग्णालयाचं नाव काढलं की आईबापच मागे फिरतात. म्हणून जिल्हा रुग्णालयातल्या बालरोग विभागातच आठवड्यातून एक दिवस मनोविकारतज्ज्ञ बसवा. तिथे वजनाबरोबर नाडी, रक्तदाब आणि रक्तातले क्षारही तपासले जातील. उपचारात आईवडील सोबत लागतात, त्यांनाही त्याच खोलीत बसवा.

टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा 14416 हा क्रमांक ऑक्टोबर 2022 पासून मोफत आणि चोवीस तास चालू आहे. तो प्रत्येक शाळेच्या भिंतीवर रंगवायला किती खर्च येईल?

मला उत्तर नाही आलं तरी चालेल. पुढच्या तपासणीआधी जिल्हा शिक्षणाधिकाऱ्यांकडे वजनाच्या खोलीचा आदेश तेवढा पोहोचू द्या.

आपली,
इंदूरची एक शिक्षिका