ढेकणांचा बंदोबस्त इमारतीने मिळून करावा

माननीय संपादक,
स. न. वि. वि.

मोठ्या शहरात घरात ढेकूण निघाले की बहुतेक कुटुंबे आधी गप्प बसतात. शेजाऱ्यांना कळू नये, पाहुण्यांनी येणे टाळू नये, घरमालकाने जागा सोडायला सांगू नये, म्हणून दार लावून फवाऱ्याचा डबा रिकामा केला जातो. ‘ढेकणाच्या संगे हिरा भंगला’ ही म्हण असलेल्या भाषेत ही लाज समजण्यासारखी आहे. पण या गप्प बसण्यात दीड-दोन महिने निघून जातात, तेवढ्यात ढेकणांची एक पिढी अंड्यापासून प्रौढ होते आणि काही जण भिंतीपलीकडे पोहोचलेले असतात. या पत्रातून एकच आग्रह धरायचा आहे. इमारतीत एका घरी ढेकूण सापडले की त्याच आठवड्यात दोन्ही बाजूंची, वरचे, खालचे आणि समोरचे अशी पाच घरे तपासली जावीत आणि जिथे जिथे सापडतील तिथले उपचार एकाच वेळापत्रकाने व्हावेत.

ढेकणाला खरकटे, कचरा, ओल यांतले काहीही लागत नाही, त्याला फक्त रक्त लागते. पसाऱ्यामुळे त्याला लपायला जागा वाढतात आणि आपले काम लांबते, एवढाच अस्वच्छतेशी त्याचा संबंध. प्रवासाच्या बॅगेच्या शिवणीतून, कुणीतरी टाकून दिलेल्या सोफ्यातून किंवा दोन घरांना जोडणाऱ्या विजेच्या पाइपातून मीलन झालेली एकच मादी आली तरी पुरते, कारण पुढे तिचीच पिल्ले आपसात प्रजनन करू शकतात. अमेरिकेतल्या इंडियानापोलिस शहरातील २२३ घरांच्या एका उंच इमारतीचा अभ्यास २०१० मध्ये प्रसिद्ध झाला. तिथे ढेकूण पहिल्यांदा आल्यापासून ४१ महिन्यांत १०१ घरांपर्यंत पोहोचले होते. बाधित घरांतल्या ज्या रहिवाशांशी अभ्यासक बोलले, त्यांतल्या निम्म्या लोकांना आपल्या घरात ढेकूण आहेत हेच माहीत नव्हते. याचे कारण साधे आहे. ढेकणाचा चावा सगळ्यांच्या अंगावर उमटत नाही. एकाच पलंगावर झोपणाऱ्या दोघांपैकी एकाला गांधी येतात आणि दुसऱ्याला काहीच होत नाही. म्हणून ‘आमच्याकडे कुणाला चावत नाही’ हे शेजाऱ्याचे उत्तर खरे असले तरी तपासणीला पर्याय होऊ शकत नाही.

तपासणी चाव्यांवरून करूच नये. डास, खरूज, अॅलर्जी यांचे डाग तसेच दिसतात. पुरावा शोधायचा तो पलंगात. एक प्रखर टॉर्च, एक जुने प्लास्टिक कार्ड, स्क्रू ड्रायव्हर आणि पारदर्शक चिकटपट्टी एवढे पुरते. सुरुवात उशाकडच्या बाजूने करावी. गादीच्या कडेची गोट, तिची शिवण, लेबलाच्या मागची बाजू, मग पलंगाचा उशाकडचा फळा भिंतीपासून सुटा करून त्याची मागची बाजू, पाट्यांची टोके, स्क्रूची भोके, बिजागऱ्या. कार्ड फटीतून हळू सरकवत न्यावे, आतले बाहेर येते. पेनची शाई टिपकावी तसे काळे ठिपके म्हणजे पचलेल्या रक्ताची विष्ठा. ओल्या कापसाने पुसले की ती तांबूस-तपकिरी फाकते. पिवळसर पारदर्शक टरफले म्हणजे टाकलेली कात. वाढताना ढेकूण पाच वेळा कात टाकतो आणि प्रत्येक वेळी त्याआधी त्याला रक्त प्यावे लागते. अंडी जेमतेम १ मिलिमीटरची, पांढरी, लाकडाला चिकटवलेली असतात. पूर्ण वाढलेला ढेकूण सुमारे ५ मिलिमीटरचा, चपटा, तांबूस असतो. त्याला उडता येत नाही, उडीही मारता येत नाही. तुरळक असताना बहुतेक ढेकूण झोपण्याच्या जागेपासून दीड-दोन मीटरच्या आत सापडतात. संख्या वाढली की ते पडद्याच्या चुण्या, भिंतीवरच्या फ्रेमच्या मागे, विजेच्या बोर्डात जातात. संशयास्पद किडा चिरडू नये. चिकटपट्टीवर घेऊन जाणकाराला दाखवावा. झुरळाच्या पिल्लांना ढेकूण समजून घरभर औषध मारल्याची उदाहरणे कमी नाहीत.

ढेकूण सापडल्यावर पहिली चूक होते ती झोपण्याची जागा बदलण्याची. माणूस हॉलमध्ये झोपायला गेला की ढेकूण श्वासातला कार्बन डायऑक्साइड आणि अंगाची ऊब यांच्या मागावर हळूहळू तिकडे सरकतात, काही तर उशी-पांघरुणातून त्याच्याबरोबरच जातात. एका खोलीचे काम दोन खोल्यांचे होते. खोली बंद करून त्यांना उपाशी मारण्याचा विचारही सोडून द्यावा. साध्या खोलीच्या तापमानाला ते कित्येक महिने रक्ताविना काढतात, थंडीत त्याहून जास्त. झोपायचे त्याच पलंगावर, पण पलंगाचे बेट करून. तो भिंतीपासून वीतभर दूर घ्यावा, चादरीचे टोक जमिनीला लागू देऊ नये, पलंगाखाली काहीही ठेवू नये. गादीला सर्व बाजूंनी चेन असलेली, दात जुळल्यावर फट न राहणारी खोळ घालावी आणि ती वर्षभर काढू नये. आत अडकलेले तिथेच मरतात. पलंगाच्या प्रत्येक पायाखाली दुहेरी कडेची सापळा-वाटी ठेवावी. तिची बाहेरची बाजू खरखरीत आणि आतली गुळगुळीत असते, त्यामुळे चढलेला ढेकूण आत पडतो आणि बाहेर येऊ शकत नाही. वाटीत धूळ साचली की तिचा उपयोग संपतो, म्हणून आठवड्याला पुसून आतून टाल्कम पावडरचा अगदी पुसट हात फिरवावा. एक सावधगिरी हवी. उष्ण प्रदेशात आढळणारी सायमेक्स हेमिप्टेरस ही जात थंड प्रदेशातल्या सायमेक्स लेक्टुलारियसपेक्षा गुळगुळीत पृष्ठभागावर बरीच चांगली चढते. तिथे रिकामी वाटी पाहून निश्चिंत होऊ नये, टॉर्चची पाहणी चालूच ठेवावी.

उपचारात माझा सर्वांत जास्त भरवसा उष्णतेवर आहे, कारण तिच्याविरुद्ध ढेकणांत औषधासारखा प्रतिकार तयार झालेला नाही. ४८ अंश सेल्सिअसला प्रौढ ढेकूण साधारण २० मिनिटांत मरतो. अंड्यांना त्याच तापमानात तासाहून अधिक वेळ लागतो, म्हणून प्रत्यक्षात ५५ ते ६० अंश गाठणे शहाणपणाचे. चादरी, अभ्रे, कपडे पलंगापाशीच पिशवीत भरून तिचे तोंड बांधावे आणि मगच धुण्याच्या जागी न्यावेत. उघडे हातात घेऊन घरभर फिरलात तर वाटेत ढेकूण सांडतात. ६० अंशाच्या पाण्यात धुवावेत, किंवा ड्रायर असेल तर सर्वांत जास्त उष्णतेवर अर्धा तास फिरवावेत. ड्रायर अर्धाच भरावा, ठासून भरला तर मधले कपडे तापतच नाहीत. आधीच धुतलेल्या कोरड्या कपड्यांना नुसता ड्रायर पुरतो. धुता न येणाऱ्या छोट्या वस्तू उणे १८ अंशाच्या फ्रीझरमध्ये सलग ४ दिवस ठेवता येतात, मात्र फ्रीझर खरोखर तेवढा थंड होतो का हे थर्मामीटरने पाहावे. गादी उन्हात टाकून काम होत नाही. वरची बाजू तापली की ढेकूण खालच्या सावलीकडे जातात आणि जाड गादीचा गाभा पुरेसा तापत नाही. उकळते पाणी लोखंडी पलंगाच्या सांध्यांत ओतले तर जिथे लागते तिथे ते चोख काम करते. प्लायवूडवर ओतू नये, फुगते.

वाफेचे यंत्र हे या कामातले उत्तम हत्यार आहे, पण घाईने ते वाया जाते. तोंड रुंद असावे, त्यावर पातळ फडके बांधावे आणि वाफेचा जोर कमी ठेवावा. अरुंद तोंडातून जोराची फुंकर बसली की ढेकूण मरण्याऐवजी उडून दुसरीकडे पडतात. एक फूट अंतराला १० ते १५ सेकंद या गतीने हात फिरवावा. वाफ सरकल्या सरकल्या पृष्ठभागाचे तापमान ७० अंशांच्या वर हवे. विजेच्या बोर्डावर वाफ कधीही मारू नये. वाफेच्या आधी व्हॅक्यूम क्लीनर फिरवावा, नळीच्या तोंडात जुना पायमोजा रबराने अडकवला तर ढेकूण त्यातच जमा होतात आणि गाठ मारून फेकता येतात. अंडी चिकटलेली असल्याने ओढली जात नाहीत, ती कार्डाने खरवडावी लागतात.

आता फवारणी. तिच्यावर लोकांचा सर्वाधिक विश्वास आहे आणि निराशाही सर्वाधिक तिथेच पदरी येते. डीडीटीला न जुमानणारे ढेकूण १९४७ मध्येच हवाईतील पर्ल हार्बरच्या बराकींत आढळले होते. आजच्या घरगुती डब्यांतली पायरेथ्रॉइड औषधे किड्याच्या मज्जातंतूंवर डीडीटीच्याच ठिकाणी आघात करतात, त्यामुळे डीडीटीच्या काळात आलेला प्रतिकार त्यांनाही आडवा येतो आणि आज जगभरच्या ढेकणांत तो दिसतो. खोलीत ठेवून धूर सोडणाऱ्या फॉगरचे तर नावच काढू नये. ओहायो स्टेट विद्यापीठातल्या कीटकशास्त्रज्ञांनी २०१२ मध्ये प्रसिद्ध केलेल्या चाचण्यांत बाजारातल्या तीन फॉगरचा घरांतून गोळा केलेल्या ढेकणांवर फारसा परिणाम झाला नाही. धुके वरून खाली बसते, फटीत शिरत नाही, आणि ढेकूण फटीतच असतात.

व्यावसायिकाकडून फवारणी करून घेताना त्याला तीन गोष्टी विचाराव्यात. औषध कोणते आणि त्याच्या लेबलवर घरातील ढेकणांसाठी वापर लिहिला आहे का? विजेचे बोर्ड आणि पट्ट्यांमागच्या पोकळ्यांसाठी काय वापरणार? पुन्हा कधी येणार? तिसऱ्या प्रश्नाला ‘गरज पडली तर’ असे उत्तर आले तर दुसरा माणूस शोधावा. बहुतेक औषधे अंड्यांना मारत नाहीत. मादी चांगले पोषण मिळाले की दिवसाला एखाद-दोन, कधी त्याहून अधिक अंडी घालते आणि ती उबदार खोलीत ६ ते १० दिवसांत फुटतात. पहिल्या फेरीत सर्व प्रौढ मेले तरी दुसऱ्या आठवड्यात पिल्ले बाहेर येणारच. म्हणून १० ते १४ दिवसांनी दुसरी फेरी आणि त्यानंतर तेवढ्याच अंतराने तिसरी, हे वेळापत्रक आधीच ठरलेले हवे. मधल्या काळात औषध मारलेल्या कडा पुसू नयेत. काही औषधे सावकाश काम करतात, तिसऱ्या दिवशी जिवंत ढेकूण दिसला म्हणून स्वतः वरून दुसरा डबा मारला तर उरलेले पांगतात आणि शेजाऱ्याकडे जातात.

पोकळ्यांसाठी अस्फटिकी सिलिकाची भुकटी चांगली. ती ढेकणाच्या अंगावरचे मेणाचे आवरण शोषून घेते आणि तो कोरडा पडून मरतो. तिचा थर डोळ्यांना जेमतेम दिसेल इतकाच हवा. ढीग केला तर ढेकूण त्याला वळसा घालतात आणि ती माणसांच्या फुप्फुसात जाते. मुख्य वीज बंद करून, मास्क लावून, बोर्डाच्या आत आणि पट्टीच्या मागे मारावी, गादीवर नाही. भुकटी मारून झाली की मग फटी आणि पाइपांभोवतीची भोके सीलंटने बुजवावीत.

जिवावर बेतणाऱ्या काही उपायांबद्दल स्पष्ट लिहिले पाहिजे. धान्यासाठीच्या अॅल्युमिनियम फॉस्फाइडच्या गोळ्या घरात कदापि ठेवू नयेत. हवेतल्या ओलाव्याने त्यांतून फॉस्फीन हा प्राणघातक वायू सुटतो. तो भिंतीच्या फटींतून शेजारच्या घरात शिरतो आणि झोपेतच माणसे दगावतात. शेतीची कीटकनाशके गादीवर शिंपडू नयेत. रॉकेल आणि स्पिरिट यांनी ढेकणांपेक्षा घर पेटण्याची शक्यता जास्त. कापूर आणि डांबराच्या गोळ्या निरुपयोगी आहेत. ढेकूण माणसांत रोग पसरवतात असा पुरावा नाही. त्रास खाजेचा, झोपमोडीचा आणि मनःस्तापाचा असतो, त्यासाठी विष पत्करण्याचे कारण नाही.

हे सारे एका घराने चोख केले आणि भिंतीपलीकडे तसेच राहिले तर महिन्या-दोन महिन्यांत ढेकूण परत येतात, आणि दोष औषधाला दिला जातो. न्यूयॉर्कमध्ये २०१० पासून घरमालकाला नव्या भाडेकरूस त्या घराचा आणि इमारतीचा मागच्या एका वर्षाचा ढेकणांचा इतिहास लेखी द्यावा लागतो. कायदा होईपर्यंत थांबण्याची आपल्याला गरज नाही. इमारतीच्या समितीने एक नोंदवही ठेवावी, तिच्यात कुटुंबाचे नाव न घालता घर, तारीख आणि फेऱ्या लिहाव्यात. तक्रार करणाऱ्याला दंड किंवा बोल लावू नये, तपासणीचा खर्च सामायिक निधीतून व्हावा. खर्च तक्रार करणाऱ्याच्या माथी आला की तक्रारच येत नाही. टाकायची गादी किंवा सोफा घरातच प्लास्टिकमध्ये गुंडाळून, चिकटपट्टीने बंद करून मगच जिन्यातून उतरवावा आणि ‘ढेकूण आहेत’ असे मोठ्या अक्षरात लिहून, फाडून निकामी करावा. नाहीतर रात्री कोणीतरी तो उचलून त्याच इमारतीत परत आणतो. वसतिगृहे आणि पाळीपाळीने एकच खाट वापरली जाते अशा जागांत ही पाहणी तक्रारीची वाट न पाहता दर महिन्याला व्हावी.

काम संपले असे शेवटच्या फेरीनंतर सलग ८ आठवडे वाटीत, फटीत, चादरीवर काहीच न सापडल्यावरच म्हणावे. नोंदवहीतली ओळ त्यानंतरच खोडावी. आणि तपासणीच्या दिवशी पलंगाखालचे सामान आदल्या रात्री दुसऱ्या खोलीत हलवून ठेवू नका, जिथे आहे तिथेच राहू द्या.

आपला,
कीटकनियंत्रणाच्या कामातला एक वाचक