दहा वर्षांचा आराखडा आणि दोन नर

सोलापूर

चि. बाळास,
अनेक आशीर्वाद.

तुझ्या कारवान जातीच्या कुत्र्यांच्या क्लबचा दहा वर्षांचा आराखडा मिळाला. पेन्सिल हातात घेऊन सावकाश वाचला. सेक्रेटरी झालास त्याचं कौतुक फोनवर झालंय, त्यामुळे इथे सरळ मुद्द्यावर येते.

तुझ्या आराखड्यात शो आहेत, ट्रॉफ्या आहेत, वेबसाइट आहे, होटगी रोडला स्वतःची जागा आहे. सदस्यसंख्या दुप्पट करायची आहे. कुत्र्यांचं काय करायचं ते मात्र एका ओळीत उरकलंय: ‘दर्जेदार पैदाशीस प्रोत्साहन’. ही ओळ आमच्या पशुसंवर्धन खात्याच्या कागदांतही असायची. तिच्या नावावर खर्च टाकता येतो, हिशेब मागता येत नाही.

दहा वर्षं म्हणजे कुत्र्यांच्या जेमतेम तीन-चार पिढ्या. 2017च्या केंद्राच्या नियमांप्रमाणे मादी 18 महिन्यांची होईपर्यंत लावता येत नाही, आठ वर्षांपुढे लावता येत नाही, लागोपाठच्या दोन माजांत पिल्लं घेता येत नाहीत आणि उभ्या आयुष्यात पाचाहून जास्त वेतं नाहीत. तेव्हा तुझ्या हातात जोड्या जुळवायच्या संधी फार थोड्या आहेत. त्यातली एक पिढी ट्रॉफीच्या मागे गेली की संपलं.

आता खरी गोष्ट. समजा क्लबच्या नोंदीत 40 माद्या आहेत आणि सगळी वेतं दोनच गाजलेल्या नरांची आहेत. यादीत 42 जनावरं दिसतात. पण नर गुणिले मादी गुणिले चार, भागिले दोघांची बेरीज असा हिशेब केलास तर वंशाच्या दृष्टीने ती साडेसात जनावरं भरतात. तेवढ्या कळपात दर पिढीला रक्ताची जवळीक साधारण साडेसहा टक्क्यांनी वाढते. सख्ख्या चुलत भावंडांच्या पिल्लात ती सव्वासहा टक्के असते, म्हणजे कुणी मुद्दाम जवळचे जोडे लावले नाहीत तरी सगळा क्लब तिथे जाऊन पोचतो. माद्या तेवढ्याच ठेवून नर फक्त दहा केलेस तर साडेसात जनावरांची 32 होतात आणि जवळिकीची वाढ दीड टक्क्याच्या आसपास राहते. आणखी माद्या गोळा करून हे साधत नाही; नर वाढवावे लागतात.

म्हणून आराखड्याचं पहिलं पान हे असू दे: एका नराची दोन वर्षांत तीनच वेतं नोंदवली जातील. अध्यक्षांना हे रुचणार नाही, त्यांचा नर शोमध्ये पहिला येतो. त्यांच्याशी भांडू नकोस. नियम पुढच्या हंगामापासून लागू कर, आणि त्यांच्या नराच्या गोठित रेतमात्रा, म्हणजे गोठवलेलं वीर्य, क्लबच्या खर्चाने काढून ठेवू असं सांग. उणे 196 अंशांवर ठेवलेली रेतमात्रा वर्षानुवर्षं टिकते. नराचा मानही राहतो आणि त्याचं रक्त तुझ्यानंतरच्या सेक्रेटरीलाही वापरता येतं. मान राखला की माणसं नियम पाळतात, हे मी खिलारवाल्यांकडून शिकले.

दहा नर आणायचे कुठून, असं तू विचारशील. ते क्लबात नाहीत. ते सांगोला, मंगळवेढा, माळशिरसच्या धनगरवाड्यांवर आहेत, मेंढरांबरोबर चालतात, त्यांना कागद नाहीत. तू वार्षिक वर्गणी एवढी ठेवलीस की मेंढपाळ येणारच नाही, आणि वर ‘किमान तीन पिढ्यांची वंशावळ आवश्यक’ असं लिहिलंस. ज्यांच्याकडे कुत्रं आहे त्यांना बाहेर ठेवायचा हा चांगला उपाय आहे. वंशावळ नसलेल्या कुत्र्यासाठी नोंदवहीत वेगळा भाग उघड. दोन जाणकारांनी बघायचं, मापं घ्यायची, मायक्रोचिप बसवायची, डीएनएसाठी रक्त घ्यायचं, आणि तिसऱ्या पिढीला मुख्य नोंदीत घ्यायचं. रक्त घ्यायचंच, कारण शर्यतीसाठी ग्रेहाउंड मिसळणारे आपल्या भागात आहेत आणि नुसत्या डोळ्याला ते पहिल्या पिढीनंतर कळत नाही.

नोंदीबद्दल अजून एक. हेच कुत्रं एका संस्थेकडे कारवान हाउंड म्हणून लागतं आणि दुसरीकडे मुधोळ हाउंड म्हणून. 2005 साली टपाल खात्याने तिकीट काढलं ते मुधोळच्या नावानं. देशी जनावरांच्या जाती नोंदवणाऱ्या कर्नालच्या राष्ट्रीय संस्थेने राजपालयम आणि चिप्पिपराई या तमिळनाडूच्या कुत्र्यांबरोबर नोंद केली तीही मुधोळचीच, कर्नाटकाच्या खात्यावर. त्यावर तू दोन पानं चीड ओतलीस. ती पानं काढ. बागलकोटकडचे, म्हणजे मुधोळचे, पाळणारे तुझे प्रतिस्पर्धी नाहीत, तुझे नर तिकडे आहेत. नावाचा वाद जिंकून तुला एकही नवं रक्त मिळणार नाही.

‘फील्ड ट्रायल’चं कलम वाचून मात्र रागच आला. ससा सोडून कुत्री पळवायची नाहीत, गंमत म्हणूनसुद्धा नाही. 1972च्या वन्यजीव कायद्याने शिकार बंद आहे, आणि आपल्या दाराशी नान्नजचं माळढोक अभयारण्य आहे, काळवीट आणि लांडगे आहेत. एक व्हिडिओ बाहेर गेला की क्लब संपेल, आणि जातीची बदनामी होईल ती वेगळी. मोटरवर ओढलेल्या प्लॅस्टिकच्या चिंधीमागे ही कुत्री तितक्याच जोरात धावतात. थंडीत, सकाळी दहाच्या आत उरकायचं. आपलं ऊन तुला माहीत आहे.

बाकी किरकोळ. शो वर्षाला एक पुरे. जागेचा विचार पाच वर्षांनी. घटनेत सेक्रेटरीची मुदत तीन वर्षं कर आणि नोंदवहीसाठी सेक्रेटरीहून वेगळा माणूस नेम, कारण ती ज्याच्या घरात असते त्याच्या रागलोभाबरोबर फिरते. कार्यकारिणी बदलली की धर्मादाय आयुक्तांकडे चेंज रिपोर्ट 90 दिवसांत गेला पाहिजे. मी पाहिलेल्या बऱ्याच संस्था भांडणाने नाही, या एका कागदाने बंद पडल्या. ऑडिट, विश्वस्तांच्या सह्या, हे कंटाळवाणं आहे, पण पहिल्या वर्षात हेच कर.

कुत्र्यांच्या पार्व्हो रोगाची लस थंड पेटीतून वाडीवर न्यायची असेल तर माझ्या जुन्या खात्यातल्या मुलांना सांगते, ती येतील. पहिली बैठक सोलापूरच्या हॉटेलात ठेवलीस ती रद्द कर आणि सांगोल्याला आठवडी बाजाराच्या दिवशी घे. मेंढपाळ तसेही येतात, त्यांचा रोज बुडत नाही. मीही येईन, पण भाषण करणार नाही, तेव्हा कार्यक्रमपत्रिकेतून माझं नाव काढ.

तुझी,
आई