परदेशी सहलीपेक्षा जोडवर्ग भरवा

मा. संपादक,
स. न. वि. वि.

गोव्यातल्या महाविद्यालयांच्या माहितीपत्रकांत हल्ली ‘आंतरराष्ट्रीय अनुभव’ हे पान दिसू लागले आहे. बहुतेकदा तो अनुभव म्हणजे दुबई नाहीतर सिंगापूरची पाच दिवसांची सहल. तिथे मुले बोलतात ती आपापसांतच. परवडतेही मोजक्यांना.

त्याऐवजी ऑनलाइन जोडवर्ग भरवावा. आपला एक वर्ग, परदेशातला एक वर्ग. प्रत्येक गटात दोन विद्यार्थी इथले, दोन तिथले. सहा आठवडे, एकच काम. काम असे हवे की दुसऱ्या बाजूशिवाय ते पुरे होऊच नये. पणजीतल्या मळा-फोंताईनसमध्ये आणि पोर्तुगालच्या लिस्बनमधल्या आल्फामा या जुन्या वस्तीत पर्यटक वाढल्यावर जुन्या भाडेकरूंचे काय होते, हा विषय घ्या. दोन्हीकडच्यांना आपापल्या वस्तीत फिरून माहिती आणावीच लागते. ‘आपापल्या सणांची माहिती द्या’ असा विषय दिला, की दोन स्लाइड-शो होतात आणि संवाद संपतो.

पहिला आठवडा फक्त ओळखीचा ठेवावा आणि गटाचे नियम त्याच वेळी लिहून घ्यावेत. नेमके इथेच फसते. पुढच्या गुरुवारी मसुदा देशील का, असे विचारल्यावर आपला विद्यार्थी ‘आय विल ट्राय’ म्हणतो. मनात असते आपले ‘बघूया’, म्हणजे बहुधा नाहीच. समोरचा ते होकार समजतो आणि शुक्रवारी चिडतो. शिक्षकाने तो प्रसंग तिथल्या तिथे वर्गात उलगडून दाखवावा. कौशल्य शिकायची जागा ती. ‘विविधतेचे महत्त्व’ यावरचे व्याख्यान नव्हे.

वेळापत्रकही जपावे. भाद्रपदात चतुर्थीला गोवा बंद असतो, तर पोर्तुगालमध्ये वर्ग सप्टेंबरात सुरू होतात. म्हणून फेब्रुवारीचा मध्य ते मार्चअखेर हा काळ सोयीचा. तेव्हा लिस्बनचे सकाळचे दहा म्हणजे आपले दुपारचे साडेतीन. मार्चच्या शेवटच्या रविवारी तिथली घड्याळे तासभर पुढे जातात आणि तेच दहा आपल्याकडे अडीचला वाजतात. हे आधी न सांगितल्यास शेवटच्या सादरीकरणाला आमची अर्धी मुले तासभर उशिरा उगवणार, हे ठरलेलेच.

शिकायला प्रत्यक्ष तिकडे जाणाऱ्यांची अडचण वेगळी. आपल्याकडे पोर्तुगाल म्हटले की आधी पोर्तुगीज पासपोर्ट आठवतो. इथे अडते ते क्रेडिटवर, म्हणजे अभ्यास मोजण्याच्या एककावर. युरोपात पूर्ण वर्षाचे 60 क्रेडिट, आपल्या नव्या शैक्षणिक धोरणाच्या आराखड्यात 40. म्हणजे तिथले 6 क्रेडिट आपल्या 4 क्रेडिटच्या पेपरइतके. हे सूत्र मान्य असल्याची सही विद्यार्थी, आपली संस्था आणि तिथली संस्था अशा तिघांनी निघण्यापूर्वी करावी लागते. तिथे विषय बदलला तर बदलही लगेच लेखी हवा. तोंडी ‘चालेल’ घेऊन गेलेल्याला परतल्यावर तोच पेपर पुन्हा द्यावा लागतो. शिवाय 90 दिवसांहून अधिक राहायचे तर पर्यटकाचा शेंगेन व्हिसा (युरोपातल्या बऱ्याच देशांना मिळून एकच) चालत नाही, त्या देशाचा राष्ट्रीय व्हिसा काढावा लागतो.

विद्यापीठाने क्रेडिटच्या या सूत्राचा तक्ता जूनपूर्वी संकेतस्थळावर टाकावा. प्रत्येक महाविद्यालयात या कामासाठी एक शिक्षक नेमावा आणि त्याचे शिकवण्याचे चार तास कमी करावेत. फुकटच्या जादा कामावर हे जोडवर्ग दुसऱ्या वर्षी बंद पडतात.

– दोन प्राध्यापक, फोंडा