वजन उतरल्यानंतरच्या वर्षांचे काय? सार्वजनिक आरोग्यमंत्र्यांना खुले पत्र

मा. सार्वजनिक आरोग्यमंत्री, महाराष्ट्र राज्य, यांस

स. न. वि. वि.

लठ्ठपणाच्या मोहिमांत ‘कमी खा, जास्त चाला’ एवढेच सांगितले जाते. आहारतज्ज्ञ म्हणून मीही तेच सांगते, आणि ते चूक नाही. पण नेटाने दहा किलो उतरवलेली बाई वर्षाभरात पुन्हा पहिल्या वजनावर येते, तेव्हा तिला आळशी ठरवले जाते. हा अन्याय थांबवावा, म्हणून हे पत्र.

१९९४ साली न्यूयॉर्कच्या रॉकफेलर विद्यापीठात जेफ्री फ्रीडमन आणि सहकाऱ्यांनी लेप्टिनचे जनुक शोधले. अंगात साठा किती आहे, हे चरबीच्या पेशी या संप्रेरकातून मेंदूतल्या हायपोथॅलॅमसला सतत कळवत असतात. वजन उतरले की लेप्टिन घटते आणि मेंदू दुष्काळ पडल्यासारखा वागू लागतो. भूक वाढते, शरीर ऊर्जा जपून खर्च करते. मेलबर्नच्या संशोधकांनी २०११ मध्ये दाखवले की वजन घटवल्यावर बिघडलेली भुकेची संप्रेरके वर्षभरानंतरही पूर्ववत झालेली नव्हती. म्हणजे ती बाई वर्षभर स्वतःच्याच मेंदूशी झगडत असते. बरे, लेप्टिन टोचून लठ्ठपणा जात नाही. बहुतेक लठ्ठ माणसांत ते आधीच भरपूर असते, मेंदूच त्याला दाद देईनासा होतो.

आपल्याकडे आणखी एक पेच आहे. पुण्याच्या केईएम रुग्णालयातील डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी अंगाने बारीक पण चरबीने जास्त अशा भारतीय शरीराकडे जगाचे लक्ष वेधले. त्यामुळे नुसता वजनकाटा पुरत नाही, कमरेचा घेर पाहावा लागतो.

तो घेर आपल्या आशाताई मोजतातच! तिशीपुढच्या प्रत्येकाच्या सीबॅक फॉर्ममध्ये, म्हणजे आजारांचा धोका तपासण्यासाठी त्या भरतात त्या अर्जात, तो रकाना आहे. माझी मागणी त्या रकान्यापुढची आहे. घेर जास्त निघालेल्यांची प्राथमिक आरोग्य केंद्रात मधुमेह-रक्तदाबाच्या रुग्णांसारखी वर्षानुवर्षे नोंद आणि तपासणी व्हावी. वजन उतरल्यावर पाठपुरावा बंद करू नये, कारण खरी गरज तेव्हाच सुरू होते. वैद्यकीय अधिकाऱ्यांच्या प्रशिक्षणात हे मेंदूचे शास्त्र यावे. ज्यांना औषध लागेल त्यांना ते तज्ज्ञांच्या देखरेखीखाली जिल्हा रुग्णालयात मिळावे. आणि जाडेपणावरून हिणवणारी चित्रे शासकीय जाहिरातींत कुठेही नसावीत, असा लेखी आदेश आपण काढावा.

आपली,
एक आहारतज्ज्ञ