लाईट गेली की पाणीही जातं : सोसायटीच्या अध्यक्षांना पत्र

प्रति,
मा. अध्यक्ष,
गृहनिर्माण सोसायटी व्यवस्थापन समिती,
जळगाव

विषय : वादळात लाईट गेल्यावर उपयोगी पडेल अशी तयारी करण्याबाबत

सप्रेम नमस्कार.

मागच्या मंगळवारी संध्याकाळी सहाला वादळ सुटलं आणि लाईट गेली, ती बुधवारी दुपारी बाराला आली. रावेर-यावलकडे केळीच्या बागा आडव्या झाल्या, आपल्या रस्त्यावरही झाड तारांवर पडलं होतं. वायरमन रात्रभर पावसात काम करत होते, त्यांच्याबद्दल माझी तक्रार नाही. मला बोलायचंय ते आपल्या आवारातल्या गोष्टींबद्दल.

माझे सासरे रात्री ऑक्सिजन कॉन्सन्ट्रेटर, म्हणजे हवेतून ऑक्सिजन काढून देणारं मशीन, लावून झोपतात. इन्व्हर्टर आहे म्हणून आम्ही निर्धास्त होतो. पण मिनिटाला पाच लिटर देणाऱ्या त्या मशीनला साधारण ३०० ते ३५० वॅट वीज लागते. १२ व्होल्टची १५० एएचची (अँपिअर-तास) बॅटरी कागदावर १८०० वॅट-तास भरते, प्रत्यक्षात पंखे बंद ठेवूनही तीन-चार तासांच्या वर टिकत नाही. हा हिशेब मी आधी कधी केलाच नव्हता. साडेनऊलाच इन्व्हर्टर ओरडायला लागला. लिफ्ट बंद. समोरचे काका आणि वॉचमनदादा यांनी बाबांना प्लास्टिकच्या खुर्चीत बसवून चार मजले खाली आणलं. काकू पुढे मोबाईलचा उजेड धरून पायऱ्या मोजत होत्या. रात्र दवाखान्यात काढली. बाबा आता बरे आहेत. त्या दोघांचे उपकार मी विसरणार नाही.

घरातली चूक आम्ही सुधारली आहे. आता बी-टाईप सिलिंडर रेग्युलेटरसकट भरून ठेवला आहे. त्यात साधारण १५०० लिटर ऑक्सिजन असतो, बाबांना मिनिटाला दोन लिटर लागतो, म्हणजे बारा तास निघतात.

पण सकाळी पाणी नव्हतं, तिथे एकट्या घराचं काही चालत नाही. वाघूर धरणाचं पाणी येऊन खालचा हौद काठोकाठ भरला होता आणि वर एकाही नळाला थेंब नव्हता. हौदातलं पाणी वर चढवणारी मोटर विजेवर, बोअरची मोटरही विजेवर. तिसऱ्या मजल्यावरची बाळंतीण, तिची आई हौदापासून बादल्या भरून जिने चढत होती. आपला जनरेटर तेव्हा उभाच होता. त्याची बॅटरी उतरलेली, डिझेलचा कॅन कोरडा. चालू असता तरी पाणी चढलं नसतं, कारण तो फक्त लिफ्ट आणि पार्किंगच्या दिव्यांना जोडलेला आहे. माझी पहिली विनंती हीच : पाण्याची मोटर जनरेटरवर घ्या. जोडणी लायसनवाल्या इलेक्ट्रिशियनकडून, चेंजओव्हर स्विच लावूनच करून घ्या. नाहीतर आपली वीज उलटी लाईनमध्ये जाऊन खांबावर चढलेल्या वायरमनच्या जिवावर बेतेल. महिन्यातून एकदा पंधरा मिनिटं जनरेटर चालवून बघावा. त्याच्या धुराचा पाईपही भिंतीबाहेर, वरपर्यंत न्यावा. तो पहिल्या मजल्याच्या खिडकीखाली सुटतो, आणि त्यातल्या कार्बन मोनॉक्साईडला वास नसतो, झोपेतल्या माणसाला काही कळतही नाही.

त्याच संध्याकाळी अ विंगच्या लिफ्टमध्ये शाळकरी मुलगी चाळीस मिनिटं अडकली होती. दार उचकटायला निघालेल्यांना एका ताईंनी थांबवलं, फार बरं केलं. लिफ्टला एआरडी बसवला तर वीज जाताच ती जवळच्या मजल्यावर येऊन आपोआप दार उघडते. तो बसेपर्यंत लिफ्टची चावी कुठे आहे आणि लिफ्टवाल्याचा नंबर काय, हे वॉचमनच्या केबिनमध्ये मोठ्या अक्षरात लावावं. शेजारीच ११२, रुग्णवाहिकेचा १०८ आणि विजेच्या तक्रारीचा १९१२. जिन्यात प्रत्येक मजल्यावर चार्जिंगचा एक दिवा हवा. अग्निशमन यंत्रणेची जानेवारी-जुलैची तपासणी आता येतेच आहे, तेव्हाच हेही बघून घेता येईल.

घराघरातही थोडं करण्यासारखं आहे. प्यायचं पाणी दोन दिवसांचं झाकून ठेवावं, पण साठवणीची भांडी आठवड्यातून एकदा घासून कोरडी करावीत, नाहीतर डेंग्यूचे डास तिथेच होतात. इन्सुलिन घेणाऱ्यांनी ते गार ठेवायला एक मातीचं मडकं ओल्या वाळूत ठेवावं. आपल्याकडे पारा ४४-४५ वर गेला की बंद फ्रीजचा भरवसा नाही. त्या रात्री औषधाच्या दुकानात फोनवरून पैसे जात नव्हते, तेव्हा घरात थोडे सुटे पैसेही असू द्यावेत.

शेवटची विनंती एका यादीची. कोणत्या घरात एकटं म्हातारं माणूस आहे, कोणाला जिना उतरवत नाही, कोणाचं मशीन विजेवर आहे, हे समितीकडे आणि प्रत्येक विंगमधल्या दोघांकडे लिहिलेलं असावं. घरच्यांना विचारूनच नाव घ्यावं, आणि ही यादी व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकू नये. ब विंगची यादी मी करते. येत्या रविवारी सकाळी नऊनंतर घरोघर जाईन. अ विंगसाठी कोणी पुढे आलं तर दोन्ही याद्या त्याच संध्याकाळी आपल्याकडे आणून देईन. तेव्हाच जनरेटरच्या जोडणीबद्दल इलेक्ट्रिशियनला कधी बोलवायचं, ते कळवावं.

आपली नम्र,
ब विंग, चौथा मजला