सुभेदारकाका, तुमच्या त्या केसपेपरसाठी

आदरणीय सुभेदारकाका,
सा. न.

नाव टाकू नको म्हणालात, नाही टाकत; जेलमधल्या हुद्द्यानंच हाक मारते. पण आभार मानू नको हे तुमचं मी ऐकणार नाही. ह्यांनाही विचारलं. "लिही, कळू दे लोकांना," म्हणाले.

लोकांना नागपूरचं जेल आठवतं ते २०१५ मुळे. मार्चच्या शेवटी पाच कैदी पळाले तेव्हा, आणि जुलैत याकूब मेमनला फाशी झाली तेव्हा. एरवी वर्धा रोडवरून जाताना त्या भिंतीकडे कोणी मान वळवत नाही. आत जागा १८४० जणांची आणि माणसं त्याहून कितीतरी जास्त, त्याचा भार कोणाच्या अंगावर पडतो ते आम्हा जेलच्या क्वार्टरमधल्या बायकांना विचारा. सकाळी बराकी उघडल्यापासून संध्याकाळी कैद्यांची गिनती जुळेपर्यंत माणूस पायावर उभा. फोन गेटवर जमा. घरी पोर तापानं फणफणलं तरी ह्यांना कळायचं ते ड्युटी सुटल्यावर. त्याचीही सवय झाली होती.

मग एका रात्री राऊंडला एक तरुण कच्चा कैदी, अजून खटला चालू असलेला, मरून पडलेला सापडला. चौकशी झाली, आणि व्हायलाच हवी; कोणाचं तरी लेकरू होतं ते. ह्यांच्यावर ठपका आला नाही, पण झोप गेली ती गेलीच. रात्री उठून दाराची कडी तपासायची, मग पोरांच्या नाकाशी हात धरून श्वास चालू आहे का बघायचं. एकाचा झाला की दुसरीचा, परत पहिल्याचा. एकदा पोरगी दचकून उठली आणि घाबरून रडायला लागली, तर हे बाहेर पायरीवर जाऊन बसले ते उजाडेपर्यंत.

आम्ही कोणाकडे गेलो नाही असं नाही. एक खाजगी डॉक्टर वर न बघता म्हणाले, "जेलवाल्यांना कसलं टेन्शन? तुम्ही तर दुसऱ्यांना देता." झोपेची गोळी लिहून दिली, संपलं. खात्यातल्या एका वरिष्ठानं 'खाकी घातली की रडायचं नसतं' असं सुनावलं. नातेवाइकांना तर फक्त वरच्या कमाईत रस. ह्या सगळ्यांवरचा माझा राग अजून गेलेला नाही आणि मी तो लपवणारही नाही.

कोराडी रोडच्या मनोरुग्णांच्या दवाखान्याचं नाव काढलं की हे चिडायचे. त्याला गावात काय म्हणतात ते लिहायला नको. तिथं कोणी पाहिलं तर? कैद्यांच्या कानावर गेलं तर उद्या बराकीत शब्दाला काय किंमत राहील?

तुम्ही समजावत बसला नाहीत. स्कूटर काढलीत, ह्यांना मागं बसवलंत. रांगेत हे मान खाली घालून, तोंडाला दुपट्टा बांधून उभे. तुम्ही पुढं झालात आणि खिडकीवर स्वतःचं नाव सांगितलंत. वय, पत्ता, सगळं, परेडवर सांगावं तशा आवाजात. हे बघतच राहिले, तर म्हणालात, "काऊन, मले झोप येते असं वाटते का तुले? रिटायर झालो तरी रात्री गिनतीच करतो मी." आधी तुमचा केसपेपर निघाला, मग ह्यांचा. ह्यांनी दुपट्टा सोडून खिशात घातला.

डॉक्टर चांगले भेटले, औषध लागू पडलं. पण मला विचाराल तर इलाज त्या खिडकीवरच सुरू झाला. पैशाची मदत करणारे भेटतात, काका. ज्याला सगळं जेल सलाम ठोकायचं त्यानं आपलं दुखणं भर रांगेत सांगावं, तेही शेजारच्या पोराची मान वर व्हावी म्हणून, हे मी पहिल्यांदा ऐकलं. तुमच्यासारखी माणसं आतही आहेत. मुलाकातीनंतर भिंतीकडे तोंड करून बसलेल्या कैद्यापाशी दोन मिनिटं थांबणारे शिपाई आहेत. त्यांची बातमी होत नाही.

हे आता झोपतात. रोज नाही, पण झोपतात.

एक तक्रार मात्र आहे. ह्यांच्या तारखा तुम्ही चुकू देत नाही, आणि मागच्या वेळी स्वतः 'मी बरा आहे' म्हणून बाहेर बाकावर बसून राहिलात. मला कळलंय. आता दोघांचेही केसपेपर माझ्या पिशवीत आहेत. मंगळवारी मी सोबत येते आहे, आणि काकूंनाही सांगून ठेवलंय.

तुमची,
क्वार्टरमधली सूनबाई