स्वातीताई दांडेकर यांना, आभाराचं पत्र

आदरणीय स्वातीताई,

आपली ओळख नाही. तरीही इथे अमेरिकेत आमच्या गावच्या शाळा मंडळाच्या निवडणुकीला उभी राहिले तेव्हा मला सर्वांत जास्त मदत झाली ती तुमची. म्हणून हे आभार चारचौघांत मानतेय.

इथल्या मराठी मंडळांत तुमचं नाव निघालं की एकच वाक्य कानावर पडतं: भारतात जन्मून अमेरिकेतल्या राज्य विधिमंडळावर निवडून गेलेली पहिली स्त्री. खरं तर भारतात जन्मलेल्या निमी मॅकॉनिग्ली 1990 च्या दशकातच वायोमिंग राज्याच्या सभागृहात पोचल्या होत्या. म्हणजे ते वाक्य पूर्ण खरं नाही, तरी तुमचा मान त्याने कमी होत नाही. पण पुढच्या बाईला त्या पहिलेपणाचा काय उपयोग? मला उपयोग झाला तो त्याआधीच्या सहा वर्षांचा.

नागपूर विद्यापीठाची पदवी घेऊन तुम्ही 1973 मध्ये आयोवा राज्यात आलात, मॅरियनला स्थिरावलात आणि 1996 मध्ये लिन-मार शाळा मंडळावर निवडून गेलात. त्या मंडळाला ना पक्षाचं चिन्ह, ना पगार. हाती येतं ते बजेट, गळकं छप्पर, बसचे मार्ग आणि कर वाढल्यावर तावातावाने बोलणारे शेजारी. आपली बरीच मंडळी इथल्या राजकारणात शिरतात ती चेकबुक घेऊन. नेत्यासोबत फोटो निघतो आणि गाडी तिथेच अडते. तुम्ही आधी बसचे मार्ग बघितलेत. तो रस्ता मला परवडणारा होता.

मग 2002. आयोवाच्या सभागृहाच्या निवडणुकीच्या तोंडावर तुमच्या रिपब्लिकन प्रतिस्पर्धी बाईंचा तो ई-मेल बाहेर आला: मी आयोवात झेंड्याला वंदन करत वाढले, ही बाई भारतात जातिव्यवस्थेत वाढली, ती इथले कायदे काय करणार, अशा आशयाचा. तेव्हाच्या जनगणनेनुसार राज्यात 94 टक्के लोक गोरे. तरी लोकांनी निवडून दिलं तुम्हालाच. तुमच्या सहा वर्षांच्या शाळेच्या कामाला मी त्या विजयाचं बरंच श्रेय देते. ज्या बाईशी आपण मुलांच्या शाळेवरून हुज्जत घातली आहे, तिला परकी ठरवणं लोकांना जड जातं.

मला कुणी असा ई-मेल लिहिला नाही. पण एका दारात जाळीचं दार अर्धंच उघडून आजोबांनी विचारलं, ‘तुम्ही मूळच्या कुठल्या?’ कुत्रा भुंकत होता, हातातली पत्रकं वाऱ्याने फडफडत होती. मी नागपूर सांगितलं आणि लगेच त्यांच्या कोपऱ्यावरच्या बसथांब्याचा विषय काढला. सकाळी पोरं तिथे बर्फात उभी असतात, हे त्यांना माझ्यापेक्षा जास्त ठाऊक होतं. दार पूर्ण उघडलं. मत दिलं की नाही, देव जाणे!

तुम्ही 2003 पासून आयोवाच्या शंभर जणांच्या सभागृहात होतात, आणि पहिली चार वर्षं तर विरोधी बाकांवर. दर दोन वर्षांनी पुन्हा निवडणूक, हिवाळाभर राजधानी डे मॉइन्सला अधिवेशन, एरवी मतदारसंघ. 2009 मध्ये तुम्ही राज्याच्या सिनेटमध्ये गेलात.

आता एक गोष्ट, जिच्याबद्दल आपल्या सत्कार समारंभांत कुणी बोलत नाही. 2011 मध्ये तुम्ही मुदत अर्ध्यावर सोडून रिपब्लिकन गव्हर्नर टेरी ब्रॅन्स्टॅड यांनी देऊ केलेली राज्याच्या युटिलिटी बोर्डावरची नेमणूक घेतलीत. सिनेटमध्ये तुमचे डेमोक्रॅट 26, रिपब्लिकन 24. पोटनिवडणूक हरली असती तर बरोबरी झाली असती! तुमच्याच पक्षातले लोक चिडले, आणि खरं सांगायचं तर त्या जागी मीही चिडले असते. तुमच्या जागी उभ्या राहिलेल्या डेमोक्रॅट लिझ मॅथिस यांनी नोव्हेंबरमध्ये जागा राखली म्हणून निभावलं. तरीही वीज आणि गॅसचे दर ठरवणाऱ्या तीन जणांच्या त्या बोर्डाचं काम सामान्य माणसाच्या बिलाला थेट भिडतं. तुम्हाला त्याची ओढ वाटली असेल, तर ती शाळा मंडळावर काम केलेल्या बाईला शोभणारीच होती.

पुढे 2014 मध्ये अमेरिकन काँग्रेससाठी पक्षांतर्गत लढत दिलीत आणि हरलात. नंतर ओबामांच्या काळात आशियाई विकास बँकेवर, थेट मनिलाला, राजदूताच्या दर्जाने गेलात. सत्काराच्या भाषणांत 2014 गाळून उडी मारतात. मला मात्र तेच वर्ष धीर देऊन गेलं.

मी निवडून आले. आता दर महिन्याला छप्पर आणि बजेट यांच्याशी गाठ आहे, आणि एका गुजराती मैत्रिणीला पुढच्या खेपेस उभी करायच्या खटपटीत आहे.

एक विनंती. कधी सविस्तर लिहायला बसलात, तर मनिलाच्या आधी त्या ई-मेलनंतरचे दिवस लिहा. दारोदार जाताना लोक काय म्हणाले, तुम्ही काय उत्तर दिलंत, घरी येऊन काय बोललात. आम्हा उमेदवारांना तेवढं हवंय.

आपली कृतज्ञ,
एक नागपूरकर, शाळा मंडळ सदस्य